उत्तरेस भाडेकरू

'आय अ‍ॅग्री' असं लिहिलेलं बटण दाबण्याआधी त्याच्या वरचा सगळा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो.

प्रसंग साधा होता. गजभिये साहेबांच्या टीव्हीला जोडलेल्या गेमच्या यंत्रावर मी त्यांना एक नवीन गेम डाउनलोड करून देणार होतो. मी हिंजवडीत एका कंपनीत काम करतो. त्यामुळे शनिवार पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वायर असलेली कुठलीही वस्तू अडली की लोक माझी बेल वाजवतात. पडद्यावर अटींचं पान आलं. मी सवयीने अंगठा पुढे नेला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा. दस्त वाचून पाहिल्याशिवाय सही करता?"

मग ते वाचायला बसले. चष्मा बदलला, खुर्ची टीव्हीसमोर ओढली. माझा एक चहा झाला, दुसरा झाला. सुलोचनाबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, मेथीची जुडी निवडून झाली. साहेब प्रत्येक कलमाला "हं" म्हणत खाली सरकत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच सांगितलं, "हरकत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मला मान्य नाही. हरकत कुठे नोंदवायची?"

हरकत नोंदवायची सोय नाही, फक्त मान्य आहे असं म्हणायची सोय आहे, हे मी त्यांना सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू सगळी कलमं मीच रात्री जागून लिहिली होती.

"सोहनी, हे खरेदीखत नाही. हा लीव्ह अँड लायसन्स आहे. त्याच्यातही मुदत लिहिली नाही. नाव खरेदीचं सांगून राहिले आणि देऊन राहिले भाड्यानं. वरून म्हणतात, पूर्वसूचनेशिवाय काढून घेऊ. असा दस्त माझ्यासमोर आला असता, तर मी पक्षकाराला बाजूला घेऊन विचारलं असतं, बाबा, तुला कोणी दमदाटी केली काय?"

साहेब दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झाले. घरा-जमिनीचे व्यवहार ज्या कचेरीत नोंदवतात, तिथले ते साहेब. मूळचे वर्धेकडचे. पेठेत मुरायला माणसाला तीन पिढ्या लागतात असं पेठेतले लोक सांगतात. साहेबांना एक दुपार पुरली. राहायला आले त्याच दिवशी त्यांनी खालच्या दुकानदाराला जिन्यात रचलेल्या खोक्यांकडे बोट दाखवून विचारलं, "ही आपली वहिवाट, की आपली चूक?" संध्याकाळी जिना मोकळा झाला आणि पेठेने त्यांना आपलं मानलं.

निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली. कचेरी गेली, पण तपासणी गेली नाही. बिल्डिंगमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना ते जिन्यात गाठून "राहता तो फ्लॅट कोणाच्या नावावर?" असं विचारू लागले. माझ्या साडूने या धसक्याने आमच्याकडे येणं सोडलं. साहेबांचे माझ्यावर जे उपकार आहेत, त्यात हा मी वरच्या बाजूला धरतो. कोणी काही सांगायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असे, "हातात काय आलं?" मला बढती मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, "हातात काय आलं?" मी म्हटलं, ईमेल आलंय. ते म्हणाले, "मग पेढा अर्धाच घेतो."

अखेर त्यांच्या नागपूरच्या मुलीने, बाबा घरात गुंतून राहावेत म्हणून ते गेमचं यंत्र पाठवलं. सोबत दोन-तीन मारामारीचे गेम होते. साहेबांनी ते पाहिले आणि "फौजदारी आपला विषय नाही" म्हणून बाजूला ठेवले. मग कुठेतरी जाहिरातीत त्यांना शेतीचा गेम दिसला. जमीन घ्यायची, नांगरायची, पेरायची, ट्रॅक्टर चालवायचा, पीक कापायचं. मी तोच डाउनलोड करून देत होतो, तेव्हा वरची हरकत आली.

मग आम्ही डिस्क शोधायला निघालो. लक्ष्मी रस्त्याच्या मागे एका गल्लीत जुन्या गेमचं एक छोटं दुकान होतं. दुकानदार चांगला माणूस. त्याला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

"ही यापूर्वी कोणाच्या ताब्यात होती?" साहेबांनी डिस्क लांबूनच पाहत विचारलं.

"कोणीतरी विकून गेला, काका."

"त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी नवीनच होती की."

"बोजा?"

"काय?"

"कोणाचा हक्क, तारण, भाऊबंदकी?"

"काका, ट्रॅक्टरचा गेम आहे. फुकट दिला तरी भाऊ घेत नाहीत."

साहेबांचं समाधान झालं. पण व्यवहाराला दोन साक्षीदार हवेत. एक मी होतो. दुसरा म्हणून समोरच्या चहावाल्याला बोलावलं. तो हातात गाळणी घेऊन आला. दुकानदाराने डिस्क पुढे करून "घ्या" म्हटलं. साहेबांनी हात मागेच ठेवले.

"घ्या नाही. 'ताबा दिला' म्हणा."

"दिला, काका, ताबा दिला."

तेव्हा कुठे त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मग चहा झाला. दुसऱ्या साक्षीदाराचाच होता, चांगला होता.

घरी आल्यावर त्यांनी टीव्हीखालच्या कप्प्यात डिस्कची जागा ठरवली आणि सुलोचनाबाईंना समोर उभं करून चतुःसीमा सांगितली. चतुःसीमा म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे ते. खरेदीखतात ती लिहावी लागते. "पूर्वेस खिडकी. पश्चिमेस बुद्धमूर्ती. दक्षिणेस तुमच्या औषधांचा डबा. उत्तरेस सामाईक भिंत, व भिंतीपलीकडे भाडेकरू सोहनी."

भाडेकरू म्हणजे मी. वास्तविक माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे आणि ते साहेबांनी स्वतः तपासलेलं आहे. पण माझ्याकडे ढिगाने गेम आहेत आणि सगळे डाउनलोड केलेले आहेत, हे त्यांना कळलं तेव्हापासून त्यांनी माझी ती पायरी ठरवून टाकली. जिन्यात कोणाशी ओळख करून देतानाही म्हणत, "हे सोहनी. मोठ्या कंपनीत आहेत. भाडेकरू."

शेती मात्र त्यांनी मनापासून केली. रोज सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते टीव्हीसमोर बसत. या गेममध्ये लोक ट्रॅक्टर पळवतात, जमिनीवर जमीन घेत सुटतात. साहेबांनी एकच तुकडा घेतला. पहिला आठवडा तर त्यांनी काहीच पेरलं नाही. नुसते बांधाबांधाने पायी फिरले. मी विचारलं, "काय करताय?" ते म्हणाले, "हद्द पाहतो."

त्यांच्या दोन खोडी मला शेवटपर्यंत कळल्या नाहीत. म्हणजे, मला वाटत होतं की त्या नुसत्या खोडी आहेत. एक तर ते सोयाबीन पेरत आणि त्याला तूर म्हणत. गेममध्ये तूर नाहीच. मी एकदा "साहेब, हे सोयाबीन आहे" असं दाखवून दिलं. "माझी मिळकत आहे. मी तिच्यात काय म्हणायचं ते मी ठरवीन," असं उत्तर मिळालं. दुसरी खोड म्हणजे, त्या गेममध्ये एक बटण दाबलं की मजूर येतो आणि आपोआप नांगरून देतो. कंटाळवाणं काम त्याच्यावर टाकायचं असतं. साहेबांनी ते बटण कधी दाबलं नाही. सगळं शेत स्वतः नांगरायचे, मान दुखेपर्यंत. मी दोनदा सुचवून पाहिलं. दुसऱ्या वेळी ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "मजूर ठेवला की कधीतरी काढावा लागतो." मला वाटलं, हा सरकारी नोकरीतला अनुभव बोलतोय.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्याकडे एक दुर्घटना घडली. माझा एक आवडता गाड्यांच्या शर्यतीचा गेम एका सकाळी माझ्या संग्रहातून नाहीसा झाला. ज्यांचा होता त्यांनी तो बंद केला होता. मी त्यात अनेक वर्षं घालवली होती, कितीतरी गाड्या मिळवल्या होत्या. आता तिथे एक करडा चौकोन होता. मी ही गोष्ट जिन्यात सहज बोलून गेलो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात साहेब आणि सुलोचनाबाई. साहेबांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन सोफ्याच्या कडेला बसले.

"कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी."

"आधी काही लक्षण?"

"काही नाही. काल रात्रीपर्यंत चांगला चालत होता."

"हातात काय आलं?"

"काहीच नाही."

साहेबांनी मान हलवली. त्यात "मी म्हणालो होतो" असा भाव औषधालाही नव्हता आणि तेच मला जास्त लागलं. माझी बायको केतकी चहाचं विचारायला आली, तर सुलोचनाबाई म्हणाल्या, "नको गं, आज तुमच्याकडे चूल पेटवू नको. मी पिठलं-भाकर आणली आहे." केतकी तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून आत पळाली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. पिठलं मात्र उत्तम होतं.

या घटनेने साहेब हादरले. मी भाडेकरू होतो, माझं जाणारच होतं. पण आपल्या मिळकतीला तरी पक्का पुरावा काय, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. वस्तू हातात आहे हे खरं. पण उद्या कोणी उचलून म्हणालं, माझी आहे, तर? आणि मग त्यांनी तेच केलं, जे आपल्याकडे वस्तूवर हक्क सांगण्यासाठी घरोघरी करतात. सुलोचनाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक तांब्यावर, पातेल्यावर, अगदी सांडशीवरसुद्धा नाव घातलेलं होतं. साहेब डिस्क घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले आणि नाव घालून आणलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बेल वाजली. दारात साहेब डिस्क दोन बोटांत धरून उभे होते.

"सोहनी, यंत्र हिला ओळखत नाही म्हणते."

मी डिस्क हातात घेतली. चकचकीत बाजूवर गोलाकार, ठिपक्याठिपक्यांची सुबक अक्षरं कोरलेली होती. अशी अक्षरं मी फक्त आमच्या आजीच्या परातीवर पाहिली होती.

"साहेब, या बाजूला गेम असतो!"

"त्यानं विचारलं होतं, कुठल्या बाजूला घालू. मग तोच म्हणाला, चकचकीत बाजूला उठून दिसेल."

मी हसलो. खोटं कशाला सांगू, भिंतीला टेकून हसलो. साहेब माझं हसणं थांबण्याची वाट पाहत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तूर कापायला आली आहे."

तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं.

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. परिस्थिती समजावून सांगितली. शेत कुठे गेलेलं नाही, ते यंत्राच्या पोटात जसंच्या तसं आहे. पण त्याचं दार उघडायला डिस्क लागते आणि ही डिस्क आता परात झाली आहे. लक्ष्मी रस्त्यामागच्या दुकानात फोन केला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. डिस्क कोणी घेत नाही, म्हणाला. उरला एकच मार्ग. तोच गेम डाउनलोड करायचा. शेत पुन्हा उघडेल.

"म्हणजे मान्य आहे म्हणायचं," साहेब म्हणाले.

"हो."

"वाचू द्या."

पुन्हा खुर्ची ओढली, पुन्हा चष्मा बदलला. या वेळी ते "हं" म्हणत नव्हते. एका कलमाशी येऊन थांबले आणि तिथेच थांबून राहिले. ते 'पूर्वसूचनेशिवाय' असणार, हे मला न पाहता कळलं. आतून सुलोचनाबाई बाहेर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. हातात काहीतरी असावं म्हणून मी ती डिस्क उचलली आणि पहिल्यांदाच नीट वाचली.

दारावरच्या पाटीवर साहेबांचं नाव सिद्धार्थ ल. गजभिये असं आहे. डिस्कवर ते नव्हतं. डिस्कवर लिहिलं होतं, 'लहानू सोनबा गजभिये'.

"हे कोण?" मी विचारलं.

"वडील," साहेब म्हणाले. नजर पडद्यावरच होती.

मग ते बोलले. कचेरीत एखाद्याचा जबाब वाचून दाखवावा तसे, एकाच सुरात. "पाटलाचं दोन एकर आमच्या वडिलांकडे बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर होतं. किती वर्षं, मला सांगता यायचं नाही. मी जन्मलो तेव्हापासून होतं. कागद नव्हता. तोंडी. त्या साली तूर चांगली आली होती. शेंगा भरल्या होत्या. मी बाबांबरोबर सकाळी कापायला गेलो, तर बांधावर पाटील उभा. म्हणे, लहानू, उद्यापासून येऊ नको. तूरही आम्हीच कापून घेतो. बाबांनी विचारलं, काहून मालक? तो म्हणाला, काहून काय विचारतो, जमीन कोणाची?"

सुलोचनाबाईंनी हे आधी ऐकलेलं असणार, तरी त्या उभ्या होत्या तिथेच बसल्या.

"बाबा घरी आले, विळा खुंटीला लावला. कोणाला काही बोलले नाहीत. पुढं जन्मभर लोकांच्या रोजंदारीनं गेले. मी साहेब झालो, पण ते पाहायला बाबा नव्हते. कचेरीत बसून मी हजारो लोकांना विचारलं, ताबा मिळाला काय? एकही सातबारा असा नाही आला, की ज्याच्यावर त्यांचं नाव लिहिता येईल." त्यांनी माझ्या हातातल्या डिस्ककडे बोट केलं. "म्हणून म्हटलं, इथं तरी घालू."

मला त्या सोयाबीनची आठवण झाली, आणि त्या मजुराच्या बटणाची. मला रडू आलं, एवढं सांगून टाकतो.

साहेबांनी चष्मा पुसला. कंट्रोलर हातात घेतला. "चला," ते म्हणाले, "दाबतो. आलेली तूर उभी ठेवता येत नाही. भाड्यानं तर भाड्यानं."

त्यांचा अंगठा बटणावर गेला. मी आजवर असं बटण शेकडो वेळा दाबलं असेल, जेवता जेवता, फोनवर बोलता बोलता, एक ओळ न वाचता.

"साहेब, थांबा," मी म्हणालो. "हरकत आहे."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"कोणाची?"

"माझी. मला थोडे दिवस द्या."

त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. "हरकतदार शेजारी," सुलोचनाबाईंना म्हणाले, "ऐकून घ्यावं लागते."

सोमवारपासून मी कंपनीच्या बसमध्ये लोकांना विचारत सुटलो. चार वर्षं ज्यांच्याशी मी हवेच्या पलीकडे बोललो नव्हतो, त्यांना विचारलं, तुमच्याकडे ट्रॅक्टरच्या गेमची डिस्क आहे का. बसमध्ये माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते मला ठाऊक आहे. शेवटी टेस्टिंगमधली मेघना म्हणाली, "वेट, माझ्याकडे पडलीये बहुतेक. आम्ही सगळं डाउनलोडवर शिफ्ट केलंय, ती ड्रॉवरमध्ये कोस्टर म्हणून वापरते मी. पण सीरियसली, डिस्क लागते कोणाला अजून?" मी म्हटलं, आमच्या शेजाऱ्यांना शेतात जायचंय. तिने पुढे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन आली. तिच्यावर चहाच्या कपाचं एक पुसट वर्तुळ होतं, पण छापील बाजूला.

पैसे तिने घेतले नाहीत. यावर साहेबांनी अडवून धरलं. फुकट म्हणजे बक्षीसपत्र, आणि बक्षीस देणाऱ्याने नुसतं देऊन भागत नाही, घेणाऱ्याने ते स्वीकारलं असं सांगावं लागतं. शनिवारी सकाळी मला मेघनाला फोन लावून द्यावा लागला. साहेब उभे राहिले आणि फोनमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाले, "मी स्वीकारतो, ताई." मग ती म्हणाली, "ओके काका. थँक्यू." साक्षीदार म्हणून केतकी आणि सुलोचनाबाई होत्या. मी डिस्क पुढे केली आणि न सांगता म्हणालो, "ताबा दिला."

यंत्राने डिस्क आत ओढली, थोडं गुरगुरलं, आणि शेत उघडलं.

पीक उभं होतं. साहेब सोडून गेले तेव्हा होतं तसंच, पिवळं, कापायला आलेलं. बांधावर कोणी नव्हतं. साहेब लगेच कापणीला लागले नाहीत. आधी सगळ्या हद्दीवरून एक चक्कर मारून आले. मग कापणीचं यंत्र शेतात घातलं. मजुराचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकत होतं, तिकडे कोणी पाहिलं नाही. दुपारच्या जेवणापर्यंत सगळी तूर निघाली. मी ती तूरच म्हणतो आता. सुलोचनाबाईंनी त्या दिवशी वरण तुरीचं केलं होतं आणि मला आग्रहाने दोनदा वाढलं.

जेवण झाल्यावर साहेबांनी एक खिळा आणि हातोडी आणली. परात झालेली ती जुनी डिस्क त्यांनी आमच्या दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवर लावली, नाव बाहेर करून. दोन पावलं मागे सरले. शर्ट नीट केला. सुलोचनाबाई, केतकी आणि मी शेजारी उभे होतो, तेव्हा त्यांनी कचेरीतल्या आवाजात चतुःसीमा सांगायला सुरुवात केली.

"लहानू सोनबा गजभिये यांची मिळकत. पूर्वेस खिडकी. पश्चिमेस बुद्धमूर्ती. दक्षिणेस शेत." इथे ते जरा अडखळले. मग भिंतीकडे, म्हणजे माझ्या घराकडे हात करून म्हणाले, "उत्तरेस सोहनी यांची मिळकत."

मी हरकत घेतली नाही.